काळोखाला रंग चढत नाही

'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'मधलं रक्त म्हणजे चॉकलेटचं सिरप आहे. अमेरिकेत मुलांच्या दुधात घालतात ते, बॉस्को नावाचं. उठून चालू लागलेली प्रेतं जे मांस ओरबाडून खातात त्यात भाजलेलं हॅम आहे, तेही याच सिरपात माखलेलं. जॉर्ज रोमेरोने हा चित्रपट पिट्सबर्गच्या आसपास, सुमारे १,१४,००० डॉलरमध्ये, ३५ मिलिमीटरच्या कृष्णधवल फिल्मवर केला आणि तो १९६८ च्या ऑक्टोबरात पडद्यावर आला. त्या फिल्मला सिरप चोख बसलं. नाटकातलं लाल रक्त कृष्णधवल फिल्मवर बरेचदा मधल्याच राखाडीत पडतं आणि कपाळावरून ओघळलं तरी घामासारखं वाटतं. सिरप गडद उमटतं, दाट असल्यामुळे सावकाश ओघळतं आणि त्याच्यावर दिव्याची चमक धरते.

अशा कृष्णधवल चित्रपटाला नंतर रंग चढवून रंगीत आवृत्ती करणाऱ्याच्या हातात हा गडद राखाडी डाग येतो. त्याला लाल करायचं आहे. अशा आवृत्त्यांचा विषय निघाला की मूळ कलाकृतीचा मान आणि दिग्दर्शकाची इच्छा लगेच पुढे येतात, आणि ते योग्यच आहे. पण त्याआधी थोडं गणित बघावं असं मला वाटतं, कारण रंग कुठे बसेल आणि कुठे नाही हे बरंचसं तिथेच ठरतं.

हाय-डेफिनिशन व्हिडिओत एखाद्या ठिपक्याचा उजेड धरताना लाल रंगाला ०.२१२६, हिरव्याला ०.७१५२ आणि निळ्याला ०.०७२२ इतकं वजन असतं. काळा ० आणि पांढरा २५५ मानला तर भडक लाल राखाडीत ५४ वर येतो, भडक निळा १८ वर आणि भडक पिवळा थेट २३७ वर, म्हणजे जवळजवळ पांढऱ्यापाशी. मूळ राखाडीला धक्का लावायचा नसेल, आणि प्रामाणिक काम करणारे तो लावत नाहीत, तर कुठल्या राखाडीवर कुठला रंग किती भडक होऊ शकतो याची हद्द आधीच आखलेली असते. सिरपाचा डाग ३० वर आहे असं धरू. तिथे लाल १४१ आणि बाकी दोन शून्य. हा सुकत आलेल्या रक्ताचा रंग, आणि तो छान बसतो. त्याच डागावर जिथे दिव्याची चमक आहे ती जागा १५० वर असली, तर तिथे मिळणारा सगळ्यात भडक लाल म्हणजे लाल २५५, हिरवा १२२, निळा १२२. हा गुलाबी आहे. घाईने केलेल्या आवृत्त्यांत रक्त सरबतासारखं का दिसतं त्याचं कारण इथे सापडतं. सबंध डागावर एकच रंग ओतला जातो आणि चमकही त्यात रंगून जाते. खरं तर ओल्या वस्तूवरची चमक दिव्याचा रंग दाखवते, वस्तूचा नाही. ती बिनरंगी सोडली की रक्त पुन्हा ओलं होतं.

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या ज्या जुन्या मराठी घरांत रंगवलेले फोटो अजून भिंतीवर आहेत, तिथल्या माणसांना ही गोष्ट डोळ्यांनी ठाऊक असते. फोटो मुळात कृष्णधवल, आणि पगडीचा लाल, शालूचा हिरवा, जरीचा पिवळा कारागिराने नंतर दिलेला. शालू खरोखर कोणत्या रंगाचा होता हे घरच्यांनी सांगायचं. नाही सांगितलं तर कारागीर ठरवणार. चांगले कारागीर फोटो आधी सेपियात, म्हणजे तपकिरी छटेत, आणून घेत, मग मॅट कागदावर पारदर्शक तैलरंग काडीला गुंडाळलेल्या कापसाने पसरत. सेपिया कशासाठी? काळ्या-करड्या सावलीवर गुलाबी चढवला की गालाला काजळी लागल्यासारखी दिसते. सावली मुळातच तपकिरी असली की कातडीखाली ऊब राहते. भयपट रंगवणाऱ्याला हे उलट्या बाजूने उपयोगी पडतं. जिवंत माणसाच्या सावलीत थोडा तपकिरी मिसळायचा आणि मेलेल्याची सावली करडीच ठेवायची. चेहऱ्याला हात न लावता दोघांत फरक पडतो.

दुसरा धडाही याच गावात आहे. लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारातल्या महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात रविवर्म्याची मूळ तैलचित्रं आहेत आणि त्यांच्या जातीच्या छापील तसबिरी देशभरातल्या देवघरांत पोचल्या. त्या तसबिरी शिळाछापाच्या. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि कागद दर वेळी त्याच जागी बसला पाहिजे. दगड केसभर सरकला की ओठाचा लाल हनुवटीवर उतरतो. बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले दादासाहेब फाळके पुढे रविवर्मा छापखान्याच्या कामात होते, तेव्हा आपल्या सिनेमाच्या मुळाशी हे दगड जुळवण्याचं कसब आहे असं म्हणायला हरकत नाही. आजच्या रंगकामातला 'मास्क', म्हणजे एका वस्तूचा रंग जेवढ्यात राहायचा ती आखलेली हद्द, हा तोच दगड. फरक इतकाच की इथे चित्र हलतं, म्हणून दगडही सेकंदाला २४ वेळा नव्याने कापावा लागतो.

हा चित्रपट ९६ मिनिटांचा. ९६ गुणिले ६० गुणिले २४ म्हणजे १,३८,२४० फ्रेम. कामाचा क्रम साधारण असा असतो. निगेटिव्ह किंवा मिळेल ती उत्तम प्रत स्कॅन करायची. धूळ, ओरखडे, प्रकाशाची फडफड आणि चित्राची डुगडुग आधी काढायची. हे नंतर करू म्हटलं तर रंग ओरखड्यावरही चढतो आणि मग निघत नाही. मग चित्रपट शॉटमध्ये तोडायचा आणि प्रत्येक शॉटमधली एक-दोन फ्रेम निवडून तिच्यावर रंग ठरवायचे. त्या फ्रेममध्ये कातडी, केस, कोट, भिंत, लाकूड, प्रत्येकाला आपला मास्क. मास्कमध्ये एकच रंग भरत नाहीत. गडद, मध्यम आणि उजळ राखाडीला वेगवेगळा रंग नेमून देतात. पुढच्या फ्रेममध्ये मास्क सरकवण्याचं काम संगणक करतो आणि जिथे तो चुकतो तिथे माणूस बसून कडा हाताने ओढतो. शेवटी ग्रेन. फिल्मचा कणीदारपणा बिनरंगी राहिला पाहिजे. त्यात रंग शिरला की काळ्या भिंतीवर लाल-हिरव्या मुंग्या फिरताना दिसतात.

बिघाडाच्या जागाही ठरलेल्या आहेत. केसांच्या बटा, धूर, जाळ, काच, पातळ पडदे: जिथे दोन वस्तू एकमेकींतून दिसतात तिथे कड कुठे मानायची हाच प्रश्न असतो. एक दृश्य दुसऱ्यात विरघळतं तिथे तर एका फ्रेममध्ये दोन मास्क अर्धे-अर्धे हवेत. दात आणि बुबुळाभोवतालचा पांढरा भाग वगळायला विसरले तर माणूस बोलायला तोंड उघडतो आणि आत कातडीच्या रंगाचे दात. कातडीही एकरंगी नसते. कानाची पाळी, नाकाचा शेंडा आणि बोटांची पेरं लालसर, कपाळ जरा पिवळट, दाढी केलेली हनुवटी निळसर. एवढं केलं तरी चेहरा मातीच्या मुखवट्यातून बाहेर येतो. नायक बेनच्या भूमिकेतला ड्युएन जोन्स कृष्णवर्णीय आहे. त्याच्या चेहऱ्यावर गोऱ्या कातडीचा तक्ता नुसता गडद करून चालत नाही. गडद कातडीवर प्रकाशाची चमक अधिक ठळक उठते, आणि ती चमक रक्ताच्या चमकेसारखीच बिनरंगी सोडावी लागते.

आता प्रेतांच्या रंगाकडे येतो. माझ्या मते या आवृत्त्यांचं बरं-वाईट इथेच ठरतं.

हा चित्रपट पहिल्यांदा रंगवला गेला १९८६ मध्ये, हॅल रोच स्टुडिओजकडून. त्यात प्रेतांची कातडी हिरवी केली. दिसायला सोपं, कॅसेटच्या पेटीवर छापायला सोईचं. वैद्यकाच्या हिशेबानेही ते चूक आहे. माणूस मेल्यावर प्रथम चेहरा पांढुरका पडतो, रक्त खालच्या बाजूला साकळून तिथे जांभळट डाग येतात, आणि हिरवी झाक पुष्कळ तासांनी येते तीही आधी पोटाच्या उजव्या खालच्या भागावर. चित्रपटात उठणारी माणसं नुकती मेलेली आहेत. पण वैद्यकाची चूक एक वेळ सोडून देता येईल. कथेची जी मोडतोड होते ती सोडता येत नाही.

चित्रपट दफनभूमीत सुरू होतो, दिवसा. भाऊ-बहीण वडिलांच्या थडग्यावर पुष्पचक्र ठेवायला आलेत. लांबवर एक माणूस झोकांड्या खात चालतो आहे. भाऊ बहिणीला भिववतो की ते बघ, तुला धरायला येतायत. ती शरमते, कारण तो माणूस ऐकेल. तो असेल कुणी म्हातारा, कुणी दारू प्यालेला, कुणी दुःखाने खचलेला. तो जवळ येतो आणि तिच्यावर झडप घालतो तोवर तिला आणि आपल्याला काहीही कळलेलं नसतं. राखाडीत जिवंत माणूस आणि मेलेला माणूस लांबून सारखेच दिसतात, हीच या दृश्याची जान आहे. तो हिरवा केला की आपल्याला पहिल्या क्षणी कळतं आणि बिचारी बहीण उगाच बावळट ठरते.

आणि शेवट. तो सांगितल्याशिवाय मुद्दा पुरा होत नाही, म्हणून सांगतो. रात्रभर तग धरून वाचलेला बेन सकाळी खिडकीशी येतो. बाहेर बंदुका घेऊन आलेले लोक त्याला प्रेत समजतात आणि गोळी घालतात. पहिल्या दृश्यात मेलेल्याला जिवंत समजलं गेलं, शेवटच्यात जिवंताला मेलेला. सगळा चित्रपट या दोन चुकांच्या मध्ये उभा आहे, आणि दोन्ही चुका एकाच राखाडीमुळे शक्य होतात. प्रेतं हिरवी असतील तर बंदूकवाल्याला खिडकीतला माणूस हिरवा नाही एवढं दिसायला हवं होतं. एक रंग चुकला की चित्रपटाचा पाया आणि कळस दोन्ही जातात.

पुढे १९९७ मध्ये आणि २००४ मध्ये नव्याने रंगीत आवृत्त्या निघाल्या. १९९७ च्या आवृत्तीत प्रेतांची कातडी माणसाच्या कातडीजवळ आणली, आणि ती दिशा बरोबर आहे. प्रेताला नवा रंग द्यायचाच नाही. जिवंत कातडीचा जो रंग ठरवला असेल त्यातला भडकपणा निम्म्याहून खाली आणायचा, ओठ आणि कान गालाच्या रंगात मिसळू द्यायचे, बस. लांबून काही कळू नये आणि जवळून कळावं, एवढं अंतर त्यात मिळतं.

एकच चित्रपट इतक्यांदा का रंगवतात? त्याचं कारण एका ओळीत आहे. त्याचं नाव आधी वेगळं होतं. वितरकांनी ते बदलताना नव्या शीर्षकपट्टीवर हक्काची (कॉपीराइटची) सूचना घालायची राहिली, आणि तेव्हाच्या अमेरिकन कायद्यात ती नसली की हक्क गेला. चित्रपट सगळ्यांचा झाला. १९८७ मध्ये तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने रंगकाम ही स्वतंत्र नोंदणीला पात्र भर असू शकते असं मान्य केलं. म्हणजे चित्रपट फुकट, पण तुम्ही चढवलेला रंग तुमचा. कोणाच्याही मालकीची नसलेली वस्तू पुन्हा मालकीची करण्याचा तो मार्ग आहे. अमेरिकन दिग्दर्शक जॉन ह्यूस्टनच्या वारसांनी त्याच्या १९५० च्या चित्रपटाची रंगीत प्रत फ्रान्समध्ये दाखवण्याविरुद्ध लढा दिला आणि १९९१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांची बाजू उचलून धरली. रोमेरोच्या चित्रपटाला तसं कवच नव्हतं. आपल्याकडे 'मुघल-ए-आझम' २००४ मध्ये रंगीत होऊन आला तेव्हा गोष्ट वेगळी होती. त्यातला काही भाग मुळातच रंगीत होता, तेव्हा शीशमहालाच्या उजेडाला जुळवायला नमुना हाताशी होता.

कृष्णधवल तेवढं पवित्र असं मी म्हणणार नाही. १९२२ च्या 'नोस्फेराटू'चं उदाहरण याविरुद्ध जातं. मूकपटाच्या काळी रात्रीची दृश्यं दिवसा चित्रित करत आणि प्रतीची ती पट्टी निळ्या रंगात बुडवत. निळं दिसलं की रात्र, पिवळट दिसलं की दिव्याचा उजेड. नंतर या चित्रपटाच्या बिनरंगी प्रती फिरल्या आणि उन्हाने मरणारा पिशाच भर दुपारी गावातून शवपेटी घेऊन चालताना दिसू लागला. तिथे रंग हाच मूळचा होता. म्हणून प्रश्न रंग असावा की नसावा असा नाही. प्रकाश लावणाऱ्याने कशाच्या भरवशावर लावला होता, हे विचारायला हवं.

रोमेरोने काळ्याच्या भरवशावर लावला होता. ते शेतघर आठवा: जमिनीजवळ ठेवलेल्या दिव्यांमुळे भिंतीवर चढलेल्या सावल्या, फळ्या ठोकलेल्या खिडक्या, तळघराचा जिना. फिल्मवर जिथे निव्वळ काळा आहे तिथे काळ्या पडलेल्या चांदीखेरीज काहीच नाही. ० वर कुठलाच रंग बसत नाही. ५ वर, १० वर जो बसतो तो इतका पुसट की डोळ्याला फक्त मळकटपणा कळतो. म्हणून काही ठिकाणी रंगकाम करणारे आधी सावल्या वर उचलतात, १० चं ३० करतात, म्हणजे भिंतीचा रंग दाखवता येईल. इथे भीती निसटते. जिन्याखाली काय आहे ते दिसू लागतं, आणि तिथे काहीही नसतं.

डोळ्याचाही काळोखाशी एक करार आहे. बडोद्याच्या कमाटीबागेत सूर्य मावळल्यावर थोडा वेळ थांबलं तर तो दिसतो. लाल फुलं आधी काळी पडतात, पानं अजून उजळ असताना. मंद उजेडात डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी मागे सरतात आणि दुसऱ्या पेशी काम हाती घेतात, त्यांना लाल जवळजवळ दिसतच नाही. चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये याने १९ व्या शतकाच्या आरंभी हे टिपून ठेवलं. दिवाळीआधीच्या काळी चौदशीला आपले गुजराती शेजारी चार रस्त्यांवर वडा ठेवून भोवती पाण्याचं रिंगण घालतात आणि मागे वळून न बघता परततात. रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात तो वडा असतो. दिवा पोचत नाही तिथे तो नुसता गडद गोळा, कशाचाही असू शकेल असा. रात्री माणूस खरोखरच कृष्णधवल बघतो. रात्रीच्या दृश्यात लाल घोंगडी लालच दिसली तर डोळा मनातल्या मनात दिवा लावतो. रंगीत आवृत्तीत रात्र रंगवायचीच असेल तर सगळ्यात आधी लाल उतरवला पाहिजे.

अलीकडे हे काम शिकवलेल्या यंत्रांकडून होतं. २०१६ मधल्या एका गाजलेल्या प्रणालीला सुमारे १३ लाख चित्रं दाखवली होती. राखाडी दिली की बाकीचा रंग तिने ओळखायचा. गवत आणि आकाश ती झकास ओळखते. पण कोट निळा की लाल हे राखाडीत लिहिलेलं नसतं, आणि शंका असली की अशी यंत्रं सगळ्या शक्यतांची सरासरी काढू लागतात. सरासरी निघते तपकिरी. शिवाय प्रत्येक फ्रेमला स्वतंत्र अंदाज, त्यामुळे बाही एका फ्रेममध्ये करडी आणि पुढच्यात निळसर, सतत लुकलुकणारी. भयपटात हा लुकलुकाट घातक, कारण तिथे बरेचदा काहीच हलत नसतं आणि आपण एखादी गोष्ट हलते का हेच बघत असतो.

घरी बघायचा असेल तर आधी मूळ कृष्णधवल बघावा. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट आणि फिल्म फाउंडेशन यांनी मूळ निगेटिव्हवरून केलेलं फोर-के पुनरुज्जीवन २०१६ मध्ये पुढे आलं. आधीच्या पिढ्यांनी धुरकट नकलांच्या नकला बघितल्या होत्या, त्यापुढे हा वेगळाच चित्रपट वाटतो. टीव्हीवर मोशन स्मूदिंग बंद, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद, शार्पनेस खाली, पिक्चर मोड सिनेमा. खोलीतला मोठा दिवा बंद करून टीव्हीच्या मागे एक मंद दिवा ठेवावा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसले तर घाबरू नये, चित्राची चौकटच १.३७ ला १ अशी आहे. पडदा पूर्ण भरलेला दिसला तर वरून-खालून मिळून जवळजवळ २३ टक्के चित्र कापलेलं आहे.

मग रंगीत आवृत्ती लावावी, आणि रिमोट हातात ठेवावा. सेटिंगमधला 'कलर' शून्यावर आणला की रंग उतरतो आणि खाली राहिलेली राखाडी दिसते. ती मूळ आवृत्तीच्या राखाडीशी जुळली तर रंगकाम करणाऱ्याने उजेडाला हात लावलेला नाही. तळघराचा जिना उजळ दिसला, तर लावला आहे. दफनभूमीतल्या त्या लांबच्या माणसापाशी थांबवा. जळणाऱ्या ट्रकच्या ज्वाळांच्या कडा बघा. शेतघरातल्या टीव्हीवर बातम्या लागतात तिथेही थांबा. १९६८ च्या शेतघरातला टीव्ही कृष्णधवलच असण्याचा संभव अधिक. त्याचं चित्र बिनरंगी ठेवून खोलीला रंग दिला असेल तर कोणीतरी विचार करून काम केलं आहे.

शेवटी, बेनला गोळी लागल्यावर, चित्रपट थांबतो आणि नुसते फोटो येऊ लागतात. भरड कणांचे, वर्तमानपत्रातून कापून काढल्यासारखे. हातांत मांस टांगायचे आकडे घेतलेले लोक, त्याचं शव, रचलेली लाकडं. इथे कॅमेरा गोष्ट सांगायचं सोडतो आणि बातमी छापतो. त्या सालचे पेपर काढले तर असेच फोटो सापडतील, आणि त्यांतही कुणाचा चेहरा कोणत्या रंगाचा होता हे छपाईच्या ठिपक्यांत अर्धं पुसलेलं असेल. रंगीत आवृत्ती कितीही चांगली असली तरी खिडकीच्या दृश्यापाशी 'कलर' शून्यावर आणा आणि लाकडांना आग लागेपर्यंत तो तसाच राहू द्या.